मॅलकीच्या माईकला लावलेलं दार

गणपतीच्या कार्यक्रमात पाहुण्यांचं भाषण सुरू झालं की मागच्या रांगेतून कोणीतरी हमखास ओरडतं, “काकू, आवाज येत नाहीये!” ती काकू म्हणजे मी. आता काकूची आजी झाले, तरी ओरडणं तेच. आवाज चांगला आला तर गायकाचा गळा गोड, आणि नाही आला तर साउंडवाली बाई आंधळी-बहिरी, असा आमच्या धंद्याचा हिशेब आहे. आपल्या मंडळाच्या अंकात दरवर्षी डॉक्टरांचे आणि कंप्यूटरवाल्यांचे अनुभव येतात. यंदा म्हटलं, आपणही बोलावं. माईक नाहीतरी माझ्याच हातात असतो.

पण खरं सांगायचं तर हे लिहावंसं वाटलं ते नोरीनमुळे. तिच्याकडे येतेच, जरा दम धरा.

डब्लिनला आलो ते आमच्या ह्यांच्या नोकरीमुळे. मी तेव्हा चाळिशीची. पुण्यात नाट्यगृहांतून माईक लावायचं काम केलेलं, हातात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. इथे आल्यावर अख्खा हिवाळा खिडकीतून शेजाऱ्याचं मांजर बघण्यात घालवला. कामाचा परवाना हातात पडल्यावर सँट्रीला, विमानतळाच्या अलीकडे, शेमस नावाच्या माणसाच्या गोडाऊनमध्ये जाऊन उभी राहिले. तो स्पीकर, माईक, वायरी भाड्याने द्यायचा आणि सोबत माणसंही.

“मिसेस, हे बायकांचं काम नाही,” तो म्हणाला. “बरं, ही वायर गुंडाळून दाखव.”

नवखा माणूस वायर कोपराभोवती गुंडाळतो. तशी गुंडाळली की ती आतून पिळते आणि ऐन कार्यक्रमात दगा देते. जाणता माणूस एक वेढा सरळ आणि एक उलटा घेतो. मी तशी गुंडाळून त्याच्या हातात दिली. शेमसने एक टोक धरून वायर फेकली, ती सापासारखी सरळ गेली, एक गाठ नाही. नोकरी लागली.

तेव्हाची मी म्हणजे एक प्रकरणच होतं. मंगळसूत्रावर हेडफोन, घट्ट अंबाडा, पायात मुलाचे जुने बूट आणि चेहऱ्यावर असा भाव की ध्वनीचा शोध हिनेच लावलाय. चाळिशीतल्या बाईने स्वतःला तरुण समजावं, बिचारी समजो. पण ही स्वतःला शहाणी समजत होती!

शेमसने मला पहिला गायक दिला तो मॅलकी. कंट्री म्हणजे इथलं गावाकडचं गाणं, आणि त्याला रॉकच्या गिटारची फोडणी दिली की मॅलकी. नास, किलकेनी आणि मधली छोटी गावं. रविवारी दुपारी हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम. खुर्च्या कडेला सरकवलेल्या, मधे लाकडी फरशी, साठीतली जोडपी हातात हात घालून गिरक्या घेतायत. मॅलकी दिसायला काही खास नव्हता. पोट सुटलेलं, शर्टाला चमकदार नक्षी. तुम्ही त्याला बसस्टॉपवर पाहिलं असतं तर वेळ विचारली असती आणि विसरून गेला असता.

त्याच्या सीड्या प्रत्येकाच्या गाडीत असायच्या, पण सीडीबद्दल कोणी बोलायचं नाही. जिमी म्हणून एक निवृत्त बस ड्रायव्हर होता, मॅलकीचा एकही कार्यक्रम चुकवायचा नाही. तो म्हणायचा, “सीडीतला मॅलकी म्हणजे पासपोर्टवरचा फोटो. माणूस तोच, पण असा कोणी घरी आला तर दार उघडशील का?”

मला पहिल्यांदा हे वेड कळेना. गाणी तीच, क्रम तोच, मधले विनोदसुद्धा तेच. तरी ही माणसं धो धो पावसात चार गावं ओलांडून यायची. नंतर कळलं, ती ऐकायला येतच नव्हती. त्या गाण्यात प्रत्येकाची स्वतःची एक जागा होती आणि ती भरायला माणसं यायची. कोणी एका ओळीला टाच आपटायची, कोणी एका शब्दाला टोपी काढायचा. मॅलकी त्यांच्यासाठी थांबायचा. एवढंच त्याचं मोठेपण. गाणारे पुष्कळ असतात, असं थांबणारा मी दुसरा पाहिला नाही.

बसची वाट बघणाऱ्या माणसाचं त्याचं एक गाणं होतं, शेवटी शेवटी यायचं. तिसऱ्या कडव्यानंतर तो माईकपासून दोन पावलं मागे जायचा. वाजवणारे हात उचलायचे. मग सगळा हॉल एकटाच धृपद म्हणायचा, वाद्यं नाहीत, मॅलकी नाही. ते संपलं की क्षणभर सगळे श्वास रोखायचे आणि हॉलच्या मागून एक शिट्टी यायची, बोटं तोंडात घालून मारलेली, जाणाऱ्या बसला थांबवावं तशी. मॅलकी पुढे येऊन म्हणायचा, “गुड मॅन, टॉम!” आणि ड्रमचा धडाका.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

नासला माझा पहिला कार्यक्रम. तुम्हाला माहीतच असेल, माईकने स्पीकरचा आवाज पकडला की तो कुंई करून शिट्टी मारतो. साउंडवाल्याला सगळ्यात जास्त भीती त्याची. हॉल शांत झाला, शिट्टी आली आणि आमच्या शहाण्या बाईंना वाटलं, माईक बोंबलला! दोन्ही हातांनी मिक्सरवरची सगळी बटणं खाली ओढली. मग मॅलकीचे ओठ हलतायत, ड्रमवाला जिवाच्या आकांताने बडवतोय आणि स्पीकरमधून काहीच नाही. हॉलभर हशा.

शेमस माझ्या कानाशी आला. “मिसेस, तो माईक नाही. तो टॉम आहे.”

टॉम म्हणजे नोरीनचा नवरा. उंच, वाकलेला, शेतकी अवजारं दुरुस्त करणारा माणूस. मी त्याला चार शब्द सलग बोलताना कधी ऐकलं नाही. कार्यक्रम संपल्यावर नोरीन माझ्यापाशी आली, लाल नाक, गुडघ्यापर्यंत कोट. “सॉरी हं,” ती म्हणाली, “घरी तो अगदी गप्प असतो. वर्षभराचं सगळं इथेच काढतो.” टॉम मागे उभा राहून बूट बघत होता. तिथून आमची मैत्री झाली. तिने मला सोडा ब्रेड शिकवला, मी तिला पोहे. तिचे पोहे आजही लगदा होतात, आणि माझ्या ब्रेडने खिळा ठोकता येतो.

पण तो हशा माझ्या फार वर्मी लागला होता. पुढच्याच कार्यक्रमाला मी मॅलकीच्या माईकला गेट लावलं. गेट म्हणजे दारच. गाणारा गातो तेव्हा ते उघडतं, तो थांबला की आपोआप मिटतं; मग हॉलमधला गलका, खोकले, शिट्ट्या माईकमधून आत येत नाहीत. वाद्यांच्या माईकनाही तेच केलं. माईक बोंबलण्याची भीतीच नको. आवाज असा स्वच्छ झाला की शेमस म्हणाला, “घासलेल्या भांड्यासारखा.” मॅलकीने दुसऱ्या कोणाला घेणार नाही म्हणून सांगितलं. शेमस म्हातारा होऊन गेला, त्याचं गोडाऊन त्याच्या पुतण्याने चालवलं, पण मॅलकीच्या मिक्सरवर मीच. ते दार मी पुन्हा काढलं नाही. आजही तसं काम आलं तर लावीन. काम म्हणून ते बरोबरच होतं.

ह्या धंद्यात गिऱ्हाईकं भन्नाट भेटतात. एक आजोबा दर वेळी येऊन सांगायचे की बेसच्या दणक्यामुळे त्यांचा पेसमेकर उलटा चालतो, आणि दर वेळी स्पीकरला टेकूनच उभे राहायचे. एका लग्नात नवरीच्या आईने मला सांगितलं, “व्याह्यांचं भाषण जरा हळू ठेव.” मी इतकं हळू ठेवलं की ते अख्खं भाषण फक्त त्यांनाच ऐकू आलं. बाईंनी मला केकचा मोठा तुकडा बांधून दिला.

आणि एकदा किलकेनीला वीज गेली. खचाखच हॉल, मधल्या सुट्टीनंतरचं पहिलंच गाणं. मिक्सर मेला, स्पीकर मेले. मी अंधारात वायरी चाचपतेय, तोंडाने पुणेरी शिव्या. मॅलकी गिटार घेऊन स्टेजवरून खाली उतरला आणि फरशीच्या मधोमध उभा राहून गायला लागला. लोक त्याच्याभोवती गोल जमले. कोणी हललं नाही. मागच्यांना ऐकू जावं म्हणून पुढच्यांनी श्वाससुद्धा बेताने घेतले असतील. पुढे लोक वर्षानुवर्षं विचारायचे, “किलकेनीच्या त्या दिवशी होतीस का तू?” होते ना. टॉर्च धरून मुकाट उभी. माझ्या उभ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला कार्यक्रम माझ्याशिवाय झाला. तेव्हाची ती दीडशहाणी बाई घरी येऊन ह्यांना काय म्हणाली असेल? “आवाज मागे नीट पोचत नव्हता.”

टॉम गेला तो हृदयविकाराने, नांगराच्या पात्याला तेल घालता घालता. त्यानंतरच्या पहिल्या कार्यक्रमाला नोरीन आली होती. बसचं गाणं आलं, मॅलकी मागे सरला, हॉल गायला आणि थांबला. शिट्टी आली नाही. मॅलकी ठरल्या वेळेपेक्षा बराच जास्त थांबला. मग ड्रमवाल्याकडे न बघताच त्याने पुढचं कडवं सुरू केलं. तिथून पुढे ते गाणं त्याने म्हटलंच नाही.

मग मॅलकीही आजारी पडला. ते लोकांना कळायच्या कितीतरी आधी मला कळलं. हेडफोनमध्ये माणसाचा श्वास डॉक्टरच्या नळीइतका जवळून ऐकू येतो. ओळीच्या शेवटी एक बारीक घरघर यायला लागली. एकदा नासला तालमीनंतर तो माझ्याजवळ आला.

“मिसेस, श्वास ऐकू येतो का?”

“मला येतो,” मी म्हटलं. “त्यांना येणार नाही.”

“गुड वुमन,” म्हणाला. मी गेट आणखी घट्ट केलं. शेवटपर्यंत कोणाला ऐकू आला नाही. त्याच्या अंत्ययात्रेला माणसं म्हणत होती, किती अचानक गेला.

ह्या गोष्टीला वर्ष व्हायला आलं तेव्हा नोरीनचा फोन आला. नासच्या हॉटेलात मॅलकीची सगळी माणसं रविवारी दुपारी जमणार होती. आवाज थोडा चिरका झाला होता तिचा.

“मी तुझ्याकडे एक मागू का? नाही म्हणालीस तरी चालेल.”

“पोहे सोडून काहीही माग.”

ती हसली नाही. “टॉमची शिट्टी. मला ती आठवेनाशी झालीये. फोटो खोकंभर आहेत. पण बोलायचा नाही ना तो, त्यामुळे आवाज कशातच नाही. सगळ्यांचे फोन बघून झाले. जिमीच्या फोनात नुसता जिमीच गातोय. बाकीच्यांत खरखर आणि खिदळणं. तू मिक्सरवरून रेकॉर्ड करायचीस ना?”

करायचे. तो पहिला फजितीचा सोडला तर प्रत्येक कार्यक्रम. आपलं काम पुन्हा ऐकावं आणि आपल्यावरच खूश व्हावं, ह्यासाठी. ती कार्डं चिवड्याच्या डब्यात घालून मी हॉट प्रेसमध्ये, गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या त्या कपाटात, टॉवेलांच्या मागे ठेवलेली होती.

“सगळं आहे माझ्याकडे,” मी म्हटलं. “एकदम स्वच्छ.”

फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला. “देव तुझं भलं करो,” ती म्हणाली.

तीस-चाळीस वर्षं कानांवर पोट भरलेली बाई मी. मला तेव्हाच कळायला नको होतं? पण वय झालं की माणूस शहाणं होतं, ही अफवा कोणी उठवली कोण जाणे. मी डबा काढला, एका जुन्या नासच्या कार्यक्रमाचं कार्ड शोधलं, हेडफोन लावून पहिली दोन गाणी ऐकली. काय आवाज होता! मॅलकी माझ्या कानात बसून गात होता. शेजारी नात बसली होती. तिने एक कान मागून घेतला आणि म्हणाली, “वॉज ही फेमस, लाइक?” मी म्हटलं, “ऐक आणि तूच सांग.” तिने ऐकलं. “इट्स ग्रेट, आजी. बट व्हेअर इज एव्हरीबडी?”

मी तिला म्हटलं, रेकॉर्डिंग असंच असतं, आणि समाधानाने हेडफोन काढून ठेवले.

रविवारी हॉल अर्धाही भरला नव्हता. माणसं थकलेली, दोघं चाकाच्या खुर्चीत. चहा, सँडविचेस. मी माझे दोन स्पीकर लावले. आधी सगळे आपापला मॅलकी सांगत होते.

“नासला त्याने माझ्यासाठी ते गाणं दोनदा म्हटलं होतं,” चाकाच्या खुर्चीतल्या बाई म्हणाल्या.

“दोनदा नाही. एकदाच म्हटलं, तू दोनदा रडलीस,” जिमी म्हणाला.

“तू गप रे. तू होतास का तिथे?”

“तूच माझ्या गाडीतून आलीस ना!”

नोरीन पहिल्या रांगेत बसली होती. केस नीट बसवून घेतलेले, कोट अंगातच. हॉल गरम होता, पण तिने काढला नाही. तिने मला लांबूनच मान हलवून सांगितलं, लाव.

मॅलकीचा आवाज सुरू झाला आणि माणसं हादरली. कपातले चमचे थांबले. जिमीने टोपी काढली. त्याने एका गाण्याच्या मधे हातसुद्धा वर केला, जिथे तो नेहमी ओरडायचा तिथे. पण ओरडला नाही. हॉलमध्ये काहीतरी चुकत होतं आणि काय ते कोणाला कळत नव्हतं. टाच आपटणाऱ्या बाईंनी पाय उचलला आणि हळूच खाली ठेवला. इतका स्वच्छ आवाज, आणि त्यात त्यांच्यासाठी जागाच नव्हती. मधे टाळ्या नाहीत, हशा नाही. मॅलकी विनोद सांगत होता आणि आपणच पुढे जात होता.

मग बसचं गाणं लागलं. दुसऱ्या कडव्यापर्यंत मी नोरीनकडेच बघत होते. तिसरं कडवं सुरू झालं आणि मला समजलं. आता तो मागे सरेल, आणि मी लावलेलं दार मिटेल.

थांबवता आलं असतं. वायर सुटली म्हणता आलं असतं. माझा हात बटणावर होता. नोरीनने डोळे मिटून मान एका बाजूला कलती केली होती, कोणीतरी मागून हाक मारणार असल्यासारखी. मी बटणावरून हात उचलला.

कडवं संपलं. स्पीकर बंद पडावेत तसं सगळं शांत झालं. हॉलभर माणसांनी गायलेलं ते अख्खं धृपद, त्यातला एक सूर नाही. श्वास नाही, खुर्चीची करकर नाही. मी कधीच एवढं स्वच्छ काम केलं नसेल. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मागे एका म्हाताऱ्याने धृपदाचा पहिला शब्द उचलला, पण कोणी साथ दिली नाही म्हणून खोकला आल्यासारखं केलं.

आणि त्या शांततेतून मॅलकी अचानक, अगदी जवळून, खुदकन हसला. “गुड मॅन, टॉम!” मग ड्रम.

नोरीनने डोळे उघडले. “पुन्हा,” ती म्हणाली.

मी मागे नेलं. कडवं, शांतता, हसू, गुड मॅन, टॉम.

“आवाज वाढव.”

वाढवला. शून्य कितीही वाढवलं तरी शून्यच. पण तिने सांगितलं म्हणून वाढवला. मॅलकीचं हसू छताला जाऊन आदळलं. लोक हळूहळू चहाकडे सरकले. जिमीने माझ्याकडे पाहिलं आणि टोपी घालून बाहेर गेला. नोरीन तिथेच. कितीदा मागे नेलं ते आठवत नाही. प्रत्येक वेळी ती त्या रिकाम्या जागेपाशी मान कलती करायची.

शेवटी मी मशीन बंद केलं आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. गेट म्हणजे काय, ते मी तिला समजावून सांगितलं. अगदी नीट सांगितलं, मला ते चांगलं जमतं. तिने ऐकून घेतलं.

“म्हणजे मॅलकीला ऐकू आली,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि तुला?”

“दर वेळी.”

“मग तू सांग मला, कशी होती. तुझे कान पक्के आहेत.”

मी आठवायला लागले. ती कोणत्या पट्टीत होती ते मला माहीत होतं. मिक्सरवर ती नेमकी कुठे पकडायची, तो आकडासुद्धा झोपेत विचारलात तरी सांगेन. पण कानात काही येईना. तोंडात बोटं घातली. कवळीतून नुसता वारा निघाला. दोघींपैकी कोणीच हसलं नाही.

“उंच होती,” मी म्हटलं.

“उंच,” ती म्हणाली. “हो. उंच असेल.”

“खूप उंच. आणि शेवटी जरा वर जायची.”

“वर जायची का?”

मला खात्री नव्हती. मी हो म्हटलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, अजून काही येईल म्हणून. काही आलं नाही. कप गोळा करणारी मुलगी आमच्याभोवतीच्या खुर्च्या उचलायला लागली.

“ग्रँड,” नोरीन म्हणाली. काहीच ठीक नसलं की इथे म्हणतात ते ग्रँड. मग ती उठली आणि खुर्चीच्या पाठीवर, खाली, शेजारच्या खुर्चीवर आपला कोट शोधायला लागली. कोट तिच्या अंगातच होता.